लेडव्हिलला तीन दिवस: उंचीवर घड्याळ किती पुढे जाते, त्या मोजणीच्या नोंदी

२ मार्च २०२४, शनिवार

घरच्या तळघरात तीन सीझियम घड्याळे (सीझियम अणूंवर चालणारी अणुघड्याळे) चालू आहेत आणि त्यांच्याकडून एक काम करून घ्यायचे बरीच वर्षे मनात आहे. गुरुत्वाकर्षणामुळे उंचावर ठेवलेले घड्याळ खालच्या घड्याळापेक्षा किंचित भराभर चालते. हा फरक मला कोणाच्या पुस्तकातून न घेता माझ्याच घड्याळांवर मोजायचा आहे. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी चार सीझियम घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली होती. २००५ मध्ये टॉम व्हॅन बाक या हौशी संशोधकाने तीन सीझियम घड्याळे आणि आपली मुले गाडीत घालून माउंट रेनिअरवर मुक्काम केला आणि सुमारे २२ नॅनोसेकंदांचा (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) फरक घरी आणला. सरकारी प्रयोगशाळेबाहेरच्या माणसालाही हे जमते, हा विश्वास मला त्यांच्या कामामुळे आला.

या नोंदी अशी मोजणी करू पाहणाऱ्यांसाठी आहेत. जिथे घोळ होईल तिथे तो तसाच लिहीन.

साहित्य असे आहे. तिन्ही घड्याळे एचपी ५०७१ए जातीची असून दूरसंचार कंपन्यांच्या मोडीतून गेल्या पाच वर्षांत एकेक करून घेतलेली आहेत. त्यांना मी अ, ब आणि क म्हणतो. अ आणि क यांच्यात उच्च क्षमतेची सीझियम ट्यूब आहे, तर ब मध्ये साधी आहे. एकेकाचे वजन सुमारे ३० किलो भरते. अ आणि ब डोंगरावर जातील आणि क तळघरातच राहील. क घरी असताना बिघडले तर कळावे म्हणून त्याची तुलना जीपीएसच्या वेळेशी अखंड चालू राहील.

१७ मार्च, रविवार

जागा ठरली. दर हजार मीटर उंचीमागे दिवसाला साधारण ९.४ नॅनोसेकंद मिळतात. त्यामुळे उंची आणि मुक्काम यांचा गुणाकार जितका मोठा तितके चांगले. आमच्या कोलोरॅडो राज्यातल्या पाइक्स पीकच्या माथ्यापर्यंत (४,३०२ मीटर) गाडीरस्ता आहे, पण तिथे रात्री राहता येत नाही आणि तीन तासांच्या उंचीतून काहीच हाती लागत नाही. लेडव्हिल हे खाणकामगारांचे जुने गाव सुमारे ३,१०० मीटरवर वसलेले आहे, आमच्या डेन्व्हरपासून आंतरराज्य महामार्ग ७० ने तीन तासांच्या आत गाठता येते आणि तिथे तळमजल्यावर विजेसह खोली मिळते. आमचे तळघर १,६४० मीटरवर आहे. म्हणजे फरक १,४६० मीटर आणि दिवसाला १३.७५ नॅनोसेकंद.

महाराष्ट्रातून कोणी हे करू पाहील तर त्याच्यासाठी एक हिशेब. पुणे आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत आठशे मीटरचाही फरक नाही, त्यामुळे दिवसाला साडेसात नॅनोसेकंदच मिळतील. मात्र खालचे घड्याळ मुंबईत किंवा कोकणकिनाऱ्यावर ठेवले तर फरक सुमारे १,३५० मीटरचा होतो आणि दिवसाला पावणेतेराच्या आसपास मिळतात, म्हणजे माझ्याइतकेच. कळसूबाई अधिक उंच असली तरी तिथे तीस किलोचे घड्याळ पाठीवर न्यावे लागेल.

६ एप्रिल, शनिवार

ब सुरू होण्यातच आठवडा गेला. विकत घेतल्यानंतर ते मी दोन वर्षे गॅरेजमध्ये बंद ठेवले होते, ही सर्वस्वी माझी चूक. सीझियम ट्यूबच्या आत निर्वात असावे लागते आणि ते टिकवणारा आयन पंप अधूनमधून चालवला नाही तर आत हळूहळू वायू साठतो. वीज देताच पंपाचा विद्युतप्रवाह मर्यादेबाहेर गेला आणि यंत्राने ट्यूब तापवायलाच नकार दिला. मी घाईने तीन वेळा बंद-चालू केले आणि तिन्ही वेळा तेच झाले. शेवटी नुसता पंप चालू ठेवून त्याला हात लावायचा नाही असे ठरवले. चौथ्या दिवशी प्रवाह खाली आला, घड्याळ तापले आणि लॉक झाले, म्हणजे सीझियमच्या ठोक्याशी जुळले. घड्याळ वापरात नसले तरी महिन्यातून एकदा त्याचा पंप चालवा. नवी ट्यूब घेणे माझ्या आवाक्यात नाही आणि बहुतेक हौशी मंडळींच्याही नसेल.

२८ एप्रिल, रविवार

मोजण्याची पद्धत साधी आहे. प्रत्येक घड्याळ सेकंदाला एक पल्स देते. दोन घड्याळांच्या पल्समधले अंतर काउंटर मोजतो आणि मी तासाभराच्या ३,६०० वाचनांची सरासरी घेतो. घरी ५३१३२ए काउंटर आहे आणि प्रवासासाठी जुना ५३१३१ए.

या आठवड्यात वाचने विनाकारण दोन-तीन नॅनोसेकंदांनी इकडेतिकडे उडत होती. दोन दिवस मी घड्याळांनाच दोष देत राहिलो. दोष माझ्या जोडणीत होता. काउंटरची ट्रिगर पातळी (ज्या व्होल्टेजला तो पल्स आली असे धरतो ती) मी स्वयंचलित ठेवली होती, आणि सेकंदाला एकच पल्स येत असल्याने तो दर वेळी वेगळी पातळी धरत होता. शिवाय एका बाजूला ५० ओहमचे टर्मिनेशन (तारेच्या टोकाला लावायचा रोध) द्यायचे राहिले होते, त्यामुळे पल्सची चढती कड वाकडी येत होती. दोन्ही बाजूंना ५० ओहम आणि पातळी कायमची १ व्होल्ट एवढे केल्यावर उड्या थांबल्या.

१९ मे, रविवार

डोंगरावर जाण्याआधी आपला आकडा कितपत खात्रीचा असेल हे जाणून घेण्यासाठी निर्मात्याच्या तक्त्यावर मी विसंबलो नाही. तिन्ही घड्याळे तळघरातून न हलवता घेतलेल्या वाचनांचे तीन-तीन दिवसांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा झाकून, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या चालीवरून (चाल म्हणजे एक घड्याळ दुसऱ्याच्या तुलनेत दिवसाला किती पुढेमागे जाते ते) मधल्या तीन दिवसांचा अंदाज किती चुकतो ते पाहिले. अ आणि क यांच्या जोडीत ही चूक साधारण ६ नॅनोसेकंद निघाली, ब आणि क यांच्या जोडीत १५. लेडव्हिलच्या तीन दिवसांत चाळीसच्या वर मिळायला हवेत. म्हणजे अ वर भरवसा ठेवता येईल आणि ब फक्त साक्षीला राहील.

त्यात एक लहान चाचणीही उरकली. तळघराचे तापमान १९ वरून २६ अंशांवर नेऊन दोन दिवस ठेवले. चालीत नजरेत भरेल असा बदल झाला नाही, त्यामुळे लेडव्हिलच्या खोलीतला हीटर कसा चालेल याची काळजी मिटली.

२१ जून, शुक्रवार

पहिली मोहीम फसली. सविस्तर लिहितो, कारण इतरांचाही घात इथेच होण्याची शक्यता जास्त आहे.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला इन्व्हर्टर लावून त्यावर दोन्ही घड्याळे चालवायची आणि मधल्या काही सेकंदांची अडचण घड्याळातल्या आतल्या बॅटऱ्या सांभाळतील, असा माझा बेत होता. सकाळी घरी सगळे ठीक होते. आयडाहो स्प्रिंग्जला पेट्रोल भरायला थांबलो, गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली आणि पुढे निघालो. घड्याळांवर उन्हासाठी चादर टाकलेली होती, त्यामुळे मागे वळून कोणी पाहिले नाही.

५०७१ए च्या समोरच्या बाजूला एक छोटा हिरवा दिवा असतो. घड्याळ सुरू करून तो लावल्यापासून ते एकदाही खंड न पडता चालले असेल तरच तो लुकलुकत राहतो. लेडव्हिलला चादर उचलली तेव्हा दोन्ही घड्याळांचे हिरवे दिवे विझलेले होते. इंजिन सुरू होताना सॉकेटची वीज क्षणभर जाते, तेवढ्यात इन्व्हर्टर बंद पडला तो पडलाच, आणि आतल्या बॅटऱ्या मूळ खरेदीपासूनच्या असल्याने त्यांच्यात काही दम उरलेला नव्हता. मी त्या कधी तपासल्याच नव्हत्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. घड्याळ पुन्हा चालू केले तर ते तासाभरात पहिल्यासारखेच अचूक चालू लागते, पण आमच्या मोजणीला ते निरुपयोगी ठरते, कारण घरून निघताना क च्या तुलनेत त्याची पल्स कुठे होती याच्याशी असलेला धागाच तुटलेला असतो. आपण चाल मोजत नाही, साठलेला फरक मोजतो. त्यामुळे निघाल्यापासून परत येईपर्यंत एकही क्षण खंड पडून चालत नाही. दोन रात्रींच्या खोलीचे पैसे आधीच भरलेले होते. आम्ही राहिलो, गाव पाहिले आणि परत आलो.

१४ जुलै, रविवार

विजेची व्यवस्था मुळापासून बदलली. ही घड्याळे थेट डीसी विजेवरही चालतात, मग इन्व्हर्टर मध्ये हवाच कशाला? प्रथम घरातल्या दोन जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केले. पाच तासांनी व्होल्टेज बावीसच्या आसपास उतरताच घड्याळाने बाहेरची वीज सोडून दिली. त्या बॅटऱ्या बाजूला ठेवल्या आणि १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आणल्या. त्यांचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत २६ च्या आसपास टिकून राहतो. दोन घड्याळे मिळून सुमारे १०० वॉट घेतात. चाचणीत बॅटऱ्या तेवीस तास पुरल्या.

रचनेचे सूत्र असे की, घड्याळे कायम या बॅटऱ्यांवरच चालतील. घरी असोत वा खोलीत, भिंतीचा चार्जर बॅटऱ्यांना जोडायचा, घड्याळांना नाही. त्यामुळे एका विजेवरून दुसऱ्या विजेवर जाण्याचा प्रसंगच येत नाही. दोन्ही घड्याळांच्या आतल्या बॅटऱ्याही बदलल्या आणि बाहेरची तार मुद्दाम उपसून वीस-वीस मिनिटे त्यांची परीक्षा घेतली. प्रत्येक तारेला वेगळा फ्यूज बसवला आणि चुकून ओढले तरी सुटणार नाहीत असे फिरकीचे जोड वापरले. या कामात मधले सगळे शनिवार-रविवार गेले.

९ ते १२ ऑगस्ट

लायमन या माळरानावरच्या गावाची फेरी. या प्रकल्पातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे, आणि सुरुवातीच्या आराखड्यात तो नव्हताच.

जूनमध्ये रिकाम्या हाताने परतताना माझ्या धाकट्या मुलीने विचारले होते, "बाबा, समजा घड्याळ पुढे गेलेले दिसले, तर ते उंचीमुळेच गेले आणि गाडीत धक्के बसले म्हणून नाही, हे कसे कळणार?" तिला देण्याजोगे उत्तर माझ्याकडे नव्हते. घड्याळ उचलले, गाडीत ठेवले, तीन तास हादरले, दुसऱ्या खोलीत वेगळ्या चुंबकीय परिस्थितीत चालले, परत आणले, या सगळ्यात ते काही नॅनोसेकंद इकडेतिकडे झाले नाही हे मी नुसते गृहीत धरत होतो.

त्यावर उपाय त्याच महामार्गावर होता. डेन्व्हरहून महामार्ग ७० पश्चिमेला धरला तर डोंगर लागतात आणि पूर्वेला धरला तर कॅन्ससच्या दिशेने सपाट माळरान. त्या माळावरचे लायमन हे गाव आमच्या तळघराइतक्याच, म्हणजे सुमारे १,६४० मीटर उंचीवर आहे. तिथेही तीन रात्रींची खोली घेतली, तीच गाडी, तेच बांधणे, तेवढेच दिवस. रस्ता सोपा असल्याने धक्के कमी बसणार होते, म्हणून जातायेता मुद्दाम कच्च्या रस्त्याचा फेरा मारून तीन-तीन तास भरले. गाडीच्या मागच्या स्पीकरचे चुंबक अ पासून हातभरावर होते. ते लक्षात आल्यावर स्पीकर काढून ठेवला आणि लेडव्हिललाही काढलेलाच राहील असे ठरवले.

दर थांब्यावर मुलगी मागचे दार उघडून हिरवे दिवे पाहत होती. दोन्ही शेवटपर्यंत लुकलुकत राहिले.

२५ ऑगस्ट, रविवार

परतल्यावर तेरा दिवसांची चाल मोजून लायमनचा हिशेब पुरा केला. अ चा फरक उणे ४ नॅनोसेकंद, ब चा अधिक ९. दोन्ही आपापल्या चुकीच्या मर्यादेत शून्यच म्हणावे लागतील. आता डोंगरावर जायला हरकत नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

आज गौरीजेवण होते. वर पाहुणे जास्त झाल्याने पुरण शिजवायचा विजेचा कुकर कोणीतरी तळघरातल्या सॉकेटला लावला आणि त्याच सर्किटवर क होते. ब्रेकर पडला. मी वर आरतीत असताना पत्नी म्हणाली, "अहो, खाली काहीतरी ओरडतंय." ते क च्या यूपीएसचे ओरडणे होते. वीज सतरा मिनिटे गेली होती आणि क चा हिरवा दिवा अजून चालू होता. हाच प्रसंग दोन दिवसांनी, आम्ही डोंगरावर असताना घडला असता तर सगळी मोहीम पाण्यात गेली असती. प्रवासाच्या घड्याळांसाठी मी महिनाभर खपलो आणि घरी राहणाऱ्या घड्याळाची वीज तशीच सोडून दिली होती. रात्रीच क साठी वेगळ्या सर्किटची तार ओढली आणि त्या सॉकेटवर चिकटपट्टी लावली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल गौरी-गणपतीचे विसर्जन झाले आणि आज पहाटे निघालो. सहाला शेवटचे वाचन पूर्ण झाले, साडेसहाला गाडी हलली. गेले तेरा दिवस अ हे क पेक्षा दिवसाला ३.१ नॅनोसेकंदांनी पुढे जात होते. ती त्याची घरची चाल.

गाडीत दर दहा सेकंदांना उंचीची नोंद होत होती. रस्ता एकसारखा चढत नाही. आयझेनहॉवर बोगद्याशी ३,४०० मीटर, तिथून सिल्व्हरथॉर्नला साडेसहाशे मीटर खाली, मग फ्रेमाँट खिंडीत पुन्हा ३,४५० आणि क्लायमॅक्सच्या मॉलिब्डेनम खाणीवरून लेडव्हिलला उतार. या चढउताराचा हिशेब तुकड्या-तुकड्याने करावा लागतो. जाताना प्रवासातच १.३ नॅनोसेकंद जमा झाले. गाडीच्या वेगाचा उलटा परिणाम मात्र एका नॅनोसेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी असल्याने तो सोडून दिला.

पावणेदहाला पोचलो. खोलीच्या दाराला चार बोटे उंचीचा उंबरठा होता आणि घड्याळे चालू स्थितीत, बॅटऱ्यांना जोडलेलीच, त्यावरून न्यायची होती. घड्याळाची ढकलगाडी आणि बॅटऱ्यांची ढकलगाडी यांच्यामध्ये जेमतेम हातभर तार. मी आणि मुलगी दोन्ही बाजूंनी घड्याळ उचलत होतो, पत्नी तारेला ताण बसू नये म्हणून बॅटऱ्या बरोबरीने सरकवत होती. विरळ हवेत तीस किलो उचलून अर्धा मिनिट धरतानाही मला धाप लागली. दोन घड्याळे आत जायला पंचवीस मिनिटे गेली. हिरवे दिवे चालू.

१५ सप्टेंबर, रविवार

डोंगरावर असताना करण्यासारखे फार नसते. अ आणि ब दोन्ही एकाच उंचीवर असल्याने त्यांच्या आपसातल्या फरकात गुरुत्वाकर्षणाचा काही भाग दिसणार नाही. पण एखादे मध्येच उडाले तर ते दिसेल, म्हणून प्रवासी काउंटरवर त्यांची तुलना चालू ठेवली. ब अपेक्षेपेक्षा १० नॅनोसेकंदांनी पुढे सरकले आहे. काळजी वाटली, पण आलेख पाहिल्यावर ते एका उडीत गेलेले नसून हळूहळू सरकलेले आहे आणि मे महिन्यात ठरवलेल्या १५ च्या आत आहे. हस्तक्षेप केला नाही. खोली सोडून तिघांनी एकाच वेळी बाहेर जायचे नाही, एवढा एक नियम पाळला.

१६ सप्टेंबर, सोमवार

पावणेआठला लेडव्हिल सोडले, म्हणजे वर बरोबर ७० तास झाले. मुक्कामाचे ४०.१, जातानाचे १.३ आणि येतानाचे १.२ मिळून ४२.६ नॅनोसेकंद हे अपेक्षित उत्तर मी परतीच्या वाटेवर, घड्याळे काउंटरला जोडण्याआधी, वहीत लिहून मुलीची सही घेतली. उत्तर पाहून अपेक्षा बदलण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो, तसा तो मलाही होऊ नये.

पावणेबाराला पहिले वाचन. अ हे क च्या तुलनेत ४१.० नॅनोसेकंद पुढे गेलेले. त्यात ३.२४ दिवसांची घरची चाल १० ची. उरले ३१. ब कडून आले ४४.

फार निराश झालो. घड्याळे पुढे गेली यात शंका नव्हती, पण ४२.६ च्या जागी ३१ म्हणजे माझ्या चुकीच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट अंतर. क कुठे बिघडले का म्हणून जीपीएसची नोंद पाहिली. तीन दिवसांत ते आपल्या रेषेपासून पाच नॅनोसेकंदही ढळलेले नव्हते.

१८ सप्टेंबर, बुधवार

चूक सापडली. ती केबलची होती.

शुक्रवारच्या शेवटच्या वाचनाच्या वेळी मी भ्रमणध्वनीवर जोडणीचे छायाचित्र काढून ठेवले होते. आज ते समोर धरून एकेक जोड ताडून पाहिला, तेव्हा काउंटरच्या दुसऱ्या तोंडाला छायाचित्रात करडी केबल दिसली आणि समोर निळी. करडी केबल मी लेडव्हिलला अ आणि ब यांच्या तुलनेसाठी नेली होती आणि ती अजून गाडीतल्या पिशवीतच पडलेली होती. सोमवारी घाईत मी खणातली हाताला लागलेली केबल जोडली. करडी एक मीटरची, निळी अडीच मीटरची. अशा केबलमधून पल्सला मीटरमागे सुमारे पाच नॅनोसेकंद लागतात. अ ची पल्स तेवढी उशिरा पोचली आणि त्याने डोंगरावर कमावलेले त्या दीड मीटरमध्ये हरवले. दोन्ही केबल आलटून पालटून लावल्या, तर फरक ७.६ नॅनोसेकंद भरला. अ चे उत्तर ३८.६ झाले आणि ब चे ५१.६.

मनात एक टोचणी राहिली. उत्तर नावडते आले म्हणून मी चूक शोधायला निघालो. आवडते आले असते तर शोधली असती का? म्हणून लायमनच्या वेळची चारही छायाचित्रे काढून तपासली. तेव्हा जाताना आणि आल्यावर करडीच केबल होती. पिशवीत प्रवासी काउंटरबरोबर दुसरीच केबल गेली होती. लायमनचे शून्य तसेच राहिले.

ज्यांना हे करायचे आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, मोजणीच्या केबलला रंगीत फीत गुंडाळा, तिच्यावर काउंटरचे तोंड आणि घड्याळाचे नाव लिहा, आणि ती काउंटरवरून कधीही काढू नका.

३० सप्टेंबर, सोमवार

परतल्यानंतरच्या चौदा दिवसांची चाल मोजून झाली. अ आता दिवसाला २.८ नॅनोसेकंदांनी पुढे जात आहे. आधीचे ३.१ आणि नंतरचे २.८ यांची सरासरी धरली की मधल्या काळाची घरची चाल ९.६ होते, आणि डोंगराचा वाटा ३९.० उरतो. ब चाही तसाच हिशेब करून ५२ येतात.

अ: ३९, अधिक-उणे ६. ब: ५२, अधिक-उणे १५. दोहोंना त्यांच्या विश्वासार्हतेप्रमाणे वजन देऊन ४१, अधिक-उणे ६. वहीत सहीखाली लिहिलेला आकडा ४२.६.

हे वाचन जुळले तेव्हा मी वर जाऊन पत्नीला आणि मुलीला खाली बोलावले आणि तिघांनी मिळून पडदा पुन्हा पाहिला. आम्ही ज्या खोलीत झोपलो, जेवलो, पत्ते खेळलो, त्या खोलीत वेळ खरोखरच खालच्यापेक्षा वेगळी चालली होती, आणि तो फरक आमच्या हातांनी उंबरठ्यावरून उचलून आणलेल्या पेटीत साठलेला होता. याचा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

खर्च. घड्याळे आणि काउंटर आधीचेच होते, ते धरलेले नाहीत. लिथियम बॅटऱ्या ५८० डॉलर, चार्जर ११०, तारा, जोड आणि फ्यूज ८५, घड्याळांच्या आतल्या बॅटऱ्या १६०, जूनची वाया गेलेली खोली ३१०, लायमनची खोली २७०, लेडव्हिलची ४९५, पेट्रोल १२०. एकूण २,१३० डॉलर. मार्च ते सप्टेंबर सात महिने गेले. त्यातला ब च्या पंपाचा आठवडा आणि जूननंतरचे विजेचे काम काळजी घेतली असती तर वाचले असते. लायमनला गेलेला वेळ मात्र मी वाया गेलेला मानत नाही, आणि कोणी पैसे वाचवण्यासाठी ती फेरी गाळली तर त्याच्या डोंगरावरच्या आकड्यावर माझा विश्वास बसणे कठीण आहे.

दिवस वाढवले तर मोजणी सुधारते का, असे एका मित्राने विचारले. सुधारते. फरक दिवसांच्या पटीत वाढतो, तर घड्याळाची अनिश्चितता त्याहून हळू वाढते. आठवडाभर राहता आले तर ९६ च्या आसपास नॅनोसेकंद मिळतील आणि ब सारखे साधे घड्याळही पुरेसे बोलू लागेल. अडचण रजेची आणि खोलीच्या भाड्याची आहे.

फेब्रुवारीत पुन्हा जायचे ठरवले आहे, तेही उलटापालट करून. क वर जाईल आणि अ तळघरात राहील. अ मध्ये हलवल्यावर पुढे जाण्याची काही खोड असेल तर ती तेव्हा उघडी पडेल, आणि नसेल तर क कडूनही तेवढेच नॅनोसेकंद यायला हवेत. क च्या आतल्या बॅटऱ्या कालच बदलल्या.